एका दारात दोन उकंडे

कुडाच्या भिंतीला कान लावला की पलीकडचं सगळं ऐकू येतं. हे सात वर्षांच्या पोरीला कोणी शिकवावं लागत नाही. मारेगावकडच्या एका खेड्यात, चुलीमागच्या कुडाला चिकटून बसलेल्या उकंडीनं आपल्या आईचं आणि आजीचं भांडण असंच ऐकलं. भांडण तिच्याच नावाचं होतं. मास्तर दारी येऊन गेले होते, पोरीचं नाव शाळेत काय घालू म्हणून विचारत.

"शकुंतला लिवा म्हणा," आई म्हणत होती. "किती दिवस उकंडी उकंडी करत बसाचं? उद्या सोयरीक आली तं पावन्याले काय सांगू? शेणाच्या ढिगावरची पोरगी हाये म्हणू?"

"तसंच सांगजो," आजी म्हणाली. "उकंड्यावर टाकली म्हणून तं जगली. इच्या आधीचे चार काहून गेले? चांगली चांगली नावं ठेवली तू. यम नाव इचारत इचारत येते व बाई. चांगलं नाव आयकलं का उचलते. उकंडी म्हटलं का नाक दाबून म्होरं जाते."

"मंग पुढचं लेकरू झालं तं त्याचंही नाव उकंडाच ठेवता का?"

"तसं नसते करा लागत!" आजीचा आवाज एकदम खाली आला. पोरीनं कान आणखी दाबला. "एका दारात एका नावाचे दोघं ठिवू नये. बोलावणं येते एकाचं, अन् जाते दुसरंच. त्याले काय, त्याले गिनती पुरी पायजे."

ज्या घरात लेकरं जगत नाहीत, त्या घरची ही रीत. नवं लेकरू उकंड्यावर, म्हणजे शेणाच्या ढिगावर, नेऊन ठेवायचं. शेजारणीनं 'मले सापडलं' म्हणत उचलायचं. मग आईनं ओंजळभर कुटार, म्हणजे तुरीचा भुसा, देऊन ते तिच्याकडून विकत घ्यायचं. विकतचं लेकरू, त्यात यमाचा काय हक्क? आईनं चार गमावून पाचवं असं भुशाच्या भावात आणलं होतं. भांडणात आजी जिंकली. मास्तरांनी शकुंतला नाही, उकंडाबाई लिहिलं. वर्गातली पोरं ती आली की नाक दाबायची, म्हणून दोन इयत्ता झाल्यावर पोरीनं शाळेला राम राम ठोकला आणि बकऱ्या सांभाळल्या. बकऱ्यांना नावाचं काही नव्हतं.

पुढं सोयरीकही आली. पांढरकवड्याचा जंगलू बंडी हाकायचा, कापूस जिनिंगला पोचवायचा. त्याचंच नाव जंगलू, तो हिच्या नावाला काय हसणार! मूलबाळ झालं नाही. झाले ते बैल. लाल्या आणि मोऱ्या. चारा उकंडाबाईनं घातला, शिंगं तिनं रंगवली, कोण किती दाती झाला ते तिनं ओठ वर करून पाहिलं. लाल्या तर दावणीला इतका म्हातारा झाला की जंगलू आधी गेला आणि बैल मागाहून.

त्यानंतर ती भगवानरावांच्या घरी धुण्याभांड्याला लागली आणि तिथंच राहिली. हैद्राबाद रोडवर भगवानरावांचं टायरचं दुकान, दुकानामागं घर. घरात बायको कोकिळा आणि एकुलती पोरगी सुरभी. सुरभी उकंडाबाईच्या मांडीवर वाढली आणि तिला बडीमाय म्हणायला शिकली. मोठी होऊन शिकायला नागपूरला गेली, आणि तिथून एका सुट्टीत टोपलीत घालून अस्वलाचं पिल्लू घेऊन आली.

म्हणजे उकंडाबाईला ते अस्वलच वाटलं. टिपेश्वरचं जंगल जवळ, अस्वल कोणी पाहिलं नाही असं नाही.

"बडीमाय, कुत्रा आहे," सुरभी म्हणाली. "अकिता म्हणतात या जातीला. जपानचा. याचं नाव टोकियो."

"जपानातून अथी कायले आणला? तथी कुत्र्यायले भाकर भेटत नाही का?"

तो वाढला तेव्हा पांढरकवड्यात दुसरं बोलणं राहिलं नाही. तांबूस पाठ, पांढरं पोट, शेपटी पाठीवर जिलबीसारखी वळलेली, आणि अंग असं की ट्रकवाले टायर बदलायला उतरायचे ते आधी दार लावून घ्यायचे. भुंकायचा मात्र क्वचित. नुसता बघायचा. सुरभी नोकरीला पुण्याला गेली. भाड्याच्या खोलीत एवढं जनावर कोण ठेवू देणार? टोकियो राहिला उकंडाबाईकडे. तिनं त्याचा टोक्या केला आणि त्याला बैलाच्या मापानं सांभाळायला घेतलं, कारण दुसरं माप तिच्याकडे नव्हतं. लाल्या-मोऱ्याला कामावरून आल्यावर एकदाच पोटभर घालायची, तसं टोक्यालाही दुपारी एकदाच. पण एकदा म्हणजे एकदा! घमेलंभर भाकरीचा काला आणि त्यावर कोकिळाबाईच्या नजरेआड दोन अंडी.

उन्हाळ्याचं मात्र बैलाच्या मापात बसेना. बर्फाच्या मुलखातलं जनावर, अंगावर दोन पदरी केस. कूलर लावला तर वीज जायची. मग उकंडाबाई रोज दुपारी नाक्यावर फुलसिंगच्या रसवंतीवर जायची. ऊस पिळता पिळता तो बर्फाच्या लादीचा तुकडा तोडून द्यायचा, ती गोणपाटात गुंडाळून डोक्यावर आणायची आणि सपरीत, म्हणजे घराच्या छपरीत, टोक्याच्या पोटाखाली सारायची. फुलसिंग शेजारीच राहायचा. बंजाऱ्याचा माणूस, तिला याडी म्हणायचा. याडी म्हणजे आई.

"याडी, कुत्र्यापायी जीव देशील एक दिवस."

"तू बर्फ दे. जीव माह्या हाये, त्याले कोठी ठिवाचा ते मी पाहीन."

वर्षं कशी गेली कळलं नाही. टोक्याचं तोंड पांढरं पडत गेलं. डोळ्यांवर निळसर झाक आली. उठताना मागचे पाय थरथरायचे, आधी पुढचं अंग उचलायचा, मग थांबायचा, मग मागचं ओढायचा. उकंडाबाईचंही तसंच. दोघं सपरीत बसले की उठायची वेळ आल्यावर एकमेकांकडे बघायचे, कोण आधी उठतो म्हणून. ती त्याच्या मांड्यांना मोहाचं तेल चोळायची आणि उरलेलं आपल्या गुडघ्यांना.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर शीला इंजेक्शन द्यायला घरी यायच्या. त्या एकदा म्हणाल्या, "आता याला म्हातारा समजायचं, आजी. दहा पूर्ण झाली."

"दहा?" उकंडाबाई भडकलीच. "दहा वर्साचा बैल जवान असते! आमचा लाल्या याच्या दुप्पट जगला."

"बैलाचं वेगळं. मोठी कुत्री लवकर थकतात. गल्लीतलं लहान कुत्रं पंधरा वर्षं काढील, पण ही जात दहा-बारा. त्यात हा उन्हाळा." मग त्यांची नजर खाली गेली. "तुमचे पाय किती सुजलेत. दाखवा कोणाला तरी."

"मले काय धाड भरली? तुमी कुत्र्याच्या डॉक्टर, कुत्र्याकडं पाहा."

ते हसण्यावारी गेलं. आणि मग मे महिन्यातली ती दुपार आली.

कोकिळाबाई ढाणकीला भाच्याच्या लग्नाला गेलेल्या. भगवानराव दुकानात. टोक्यानं घमेलं चाटूनपुसून साफ केलं, वरून वितळलेल्या बर्फाचं पाणी घटाघटा प्याला आणि कोणती मांजर दिसली देव जाणे, म्हातारपण विसरून आवारभर धावला. उकंडाबाईला कौतुकच वाटलं. भांडी घासून ती परत आली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. मान खाली. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. ओकायला करायचा, अंग सगळं आवळून घ्यायचा आणि निघायचा नुसता फेस.

"काय झालं रे बाप्पा?"

तिनं कुशीवर हात ठेवला. पोट ताठ. टिचकी मारली तर डफड्यासारखं वाजलं. तिच्या जिवात जीव आला. एवढंच होय! बैल फुगतो तसं फुगलं. हिरवा चारा जास्त खाल्ला की मोऱ्याला व्हायचंच. अशा वेळी काय करायचं तेही तिला पाठ होतं. गोडं तेल पाजायचं आणि चालवायचं. ढेकर आला की बैल मोकळा.

तिनं तेलाची बाटली आणली, त्याचा जबडा काखेत धरला आणि ओतलं. टोक्यानं आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर दात काढले. तेल सगळं तिच्या लुगड्यावर आलं. "बरं बरं, रागावू नको," म्हणत तिनं पट्टा धरून त्याला आवारात चालवायला सुरुवात केली. उन्हानं फरशी तव्यासारखी तापलेली. एक फेरी झाली, दुसरी झाली. ढेकर येईना. तिसऱ्या फेरीत टोक्याचे मागचे पाय दुमडले आणि तो बसला. बसला म्हणजे पडलाच. पोट मघापेक्षा मोठं दिसत होतं.

मोऱ्याचं असं कधी झालं नव्हतं.

तिच्याकडे बटणांचा फोन होता. एक दाबला की सुरभी, दोन दाबला की भगवानराव. हात तेलानं माखलेले, दाबलं गेलं ते एक.

"बडीमाय? आता कामात—"

"टोक्याचं पोट फुगलं व. डफडं झालं. ओकते तं काही पडत नाही. तेल पाजून राह्यली मी, अन् चालवून राह्यली—"

पलीकडून सुरभी ओरडली, "बडीमाय, पाजू नको! एक थेंब पाजू नको! चालवू नको! सावलीत ठेव, मी शीलाताईंना फोन लावते. त्याचं पोट उलटलं असेल. पोटाला पीळ पडतो त्यांच्या!"

उकंडाबाई एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात तेलाची बाटली घेऊन तशीच उभी राहिली. मग बाटली फेकली, आपल्या पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि त्याचं एवढं मोठं धूड सावलीकडे ओढायला लागली. अर्धं ओढून होईपर्यंत तिलाच दम लागला. छातीशी हात धरून ती भिंतीला टेकली. मग पुन्हा ओढलं.

डॉक्टर शीला स्कूटी बाहेर आडवी टाकूनच आत आल्या. मागोमाग भगवानराव धापा टाकत आले. डॉक्टरांनी कुशीवरचे केस कापले, जाड सुई घातली, आणि सपरीत फुस्स करून वारा सुटला. घाण वास आला. पोट डोळ्यांदेखत उतरलं. टोक्यानं लांब श्वास घेतला.

"झालं!" उकंडाबाई म्हणाली.

"झालं नाही, आजी. हे तात्पुरतं आहे. आतला पीळ तसाच आहे, पुन्हा फुगणार. ऑपरेशन लागेल, आणि ते नागपूरला. जितका उशीर तितकं पोट आतून काळं पडत जातं."

भगवानरावांनी रस्त्याकडे पाहिलं. डांबर वितळून चमकत होतं. "एवढ्या उन्हात नागपूर? वाटेतच जाईन तो."

"जाऊ शकतो. भुलीतही जाऊ शकतो, वय झालंय." डॉक्टरांनी बॅग जवळ ओढली. "दुसरा मार्गही आहे. मी इथंच इंजेक्शन देते. त्याला कळणार नाही. झोप लागल्यासारखं होईल. त्यातही काही चूक नाही, काका. तुम्ही ठरवा."

सुरभीनं डॉक्टरांना लावलेला फोन चालूच होता, ती त्यातून बोलली. "बाबा, न्या त्याला. मी निघाले पुण्याहून. प्लीज."

"बेटा, किती वढाचं त्याले? दहा वर्साचा झाला. म्हातारं जनावर हाये."

"आई म्हातारी झाली तर असंच म्हणाल?"

"मायची गोष्ट कायले आणतं यात!"

बाप-लेकीचं भांडण पेटलं आणि टोक्या मध्ये पडून श्वास घेत राहिला. उकंडाबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलेलं. भांडण तिला ऐकू येत होतं, आणि कुडापलीकडचंही एक ऐकू यायला लागलं होतं. तिनं डॉक्टरांना विचारलं, "ऑपरेशन झालं अन् वाचला, तं मंग किती जगन?"

"दोन वर्षं. तीन म्हणजे खूप झाली."

"अन् नाही नेला तं?"

"संध्याकाळपर्यंत."

"मंग दोन वर्सं काय थोडी हाये का?" ती भगवानरावांवर एकदम कडाडली. "काढ गाडी! काय उभा राह्यला खांबासारखा!"

ज्या घरी भांडी घासली, त्या घरच्या मालकाला ती पहिल्यांदाच अरे-तुरे करत होती. भगवानराव गाडी काढायला पळाले. टायर वाहायचा पिकअप होता. फुलसिंग रसवंती तशीच टाकून दोन लाद्या बर्फ खांद्यावर घेऊन आला. मागं गोणपाटं अंथरली, त्यावर बर्फ, त्यावर पुन्हा गोणपाट. टोक्याला चादरीत घेऊन चौघांनी उचललं.

गाडीशी आले, आणि उकंडाबाईनं चादरीचं टोक सोडलं नाही.

"इकडं. फुलसिंगच्या उकंड्यावर."

"काय?"

फाटकाजवळच फुलसिंगच्या म्हशींच्या शेणाचा ढीग होता. वरून वाळलेला, आतून ओला.

"ठिवा म्हणतो ना मी! जरासक. ठिवल्याबिगर नागपूरले पोचत नाही तो."

"बाई, डोकं फिरलं का तुमचं? एक एक मिनिट—" भगवानराव ओरडले.

"तू बोलत राहशील तितका टाइम जाईन!"

डॉक्टरांनी डोळ्यांनी खुणावलं, ठेवा पटकन, वाद घालण्यात जास्त वेळ जातोय. ठेवलं. जपानचं ते मोठं जनावर शेणाच्या ढिगावर पडलं. उकंडाबाई वाकली, दोन्ही हात त्याच्याखाली घातले आणि मोठ्यानं म्हणाली, जसं कोणी रस्त्यावरून जाणाऱ्याला ऐकवावं, "मले सापडलं व! उकंड्यावर सापडलं! कोणाचं हाये? कोणाचं नाही. याचं नाव उकंडा!" मग भगवानरावांकडे वळली. "दे कुटार. ओंजळभर कुटार देऊन घे याले माह्यापासून विकत."

"कुटार कुठून आणू आता मी!" भगवानराव रडकुंडीला आले होते. "वापस आल्यावर पोतंभर देतो. चढा गाडीत, माय!"

रीत अर्धीच झाली. उचलणारीनं उचललं, घेणाऱ्यानं घेतलं नाही, म्हणजे लेकरू उचलणारीच्याच दारी राहिलं. फुलसिंगनं ते बघितलं, पण उकंडाबाईच्या आजीचं बोलणं त्याला काय ठाऊक? ते उकंडाबाईलाच ठाऊक होतं, आणि गाडी सुरू होईपर्यंत तिच्या ध्यानात आलं नाही. आलं ते वडकी सोडल्यावर. एका दारात दोन उकंडे झाले. एकाचं बोलावणं आलं तर जायचं कोणी?

"पाहू," ती टोक्याला म्हणाली. "आता तं बस गाडीत."

डॉक्टरांना दवाखाना सोडता येत नव्हता. त्यांनी जाताना सांगितलेलं, ओठ उचलून हिरड्या बघत राहा. गुलाबी आहेत तोवर ठीक, पांढऱ्या पडल्या की मला फोन. हे काम तिला नवं नव्हतं. बैल घ्यायचा तेव्हा ती हेच बघायची. हिंगणघाटच्या अलीकडे तिनं ओठ उचलला. हिरड्या फिक्या, पण गुलाबी. मग नजर दातांवर गेली. इतकी वर्षं घमेलं पुढं सारलं, पण त्याचे दात कधी पाहिले नव्हते. कुत्र्याचे दात कोण बघतं? झिजून बोथट झालेले, पिवळे, एक सुळा अर्धा तुटलेला. अशा दाताचा बैल बाजारात कोणी फुकट नेला नसता.

"म्हातारा झाला रे तू," ती म्हणाली. "अन् सांगतलं नाही."

पिकअपवर ताडपत्री होती, तरी झळ आत यायचीच. बर्फ वितळून पाणी फळीच्या फटीतून रस्त्यावर गळत होतं. तिनं पदर त्या पाण्यात भिजवून त्याच्या कानांवर, पंजांवर फिरवला. एक लादी संपत आली. जामच्या चौकात ट्रकांची रांग लागलेली. भगवानराव हॉर्नवर हात ठेवूनच बसले. पोट पुन्हा ताठ व्हायला लागलं होतं. टिचकी मारायचं तिला धाडस होईना. ओठ उचलला. गुलाबी होतं का? सावलीत नीट दिसेना. ताडपत्री वर करून उन्हात बघितलं. पांढरं. नाही, फिकं. का पांढरंच?

"भगवान!" तिनं मागची काच ठोकली. "हाक गा! चुकीच्या बाजूनं घाल!"

भगवानरावांनी घातली. समोरून येणाऱ्यांनी त्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. ती ऐकायला दोघांनाही फुरसत नव्हती.

दुसऱ्या लादीचा मुठीएवढा तुकडा उरला तेव्हा नागपूरचं हॉस्पिटल आलं. तिथं सुरभीनं फोन करून ठेवलेला, माणसं तयार होती. टोक्याला चाकाच्या टेबलावर आत नेलं. काचेचं दार बंद झालं. दारातल्या पोरीनं भगवानरावांना पेशंटचं नाव विचारलं. ते बोलायच्या आत उकंडाबाईनं सांगितलं, "उकंडा."

मग बसणं. थंडगार हवेत, गुळगुळीत खुर्चीवर, ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं, शेणाचा वास येतोय. शेजारी एका बाईच्या मांडीवर रिबीन लावलेलं कुत्रं. ती बाई दोन खुर्च्या सरकली. उकंडाबाईला शाळेतली पोरं आठवली. बाहेर ऊन उतरलं. भगवानराव फेऱ्या मारत होते. एकदा तिच्यासमोर थांबले.

"गेला तं सुरभीले काय सांगू मी?"

"गेला तं तुह्या कोठी गेला? तुवं विकत घेतलाच नाही. माह्या जाईन."

एवढं बोलून तिला पुन्हा दम लागला. ती पदरात तोंड घालून बसली. भगवानरावांना वाटलं रडते आहे. ती श्वास मोजूनमापून घेत होती.

काचेचं दार उघडलं. हिरव्या कपड्यातल्या माणसानं इकडंतिकडं बघितलं. "उकंडा कोण?"

उकंडाबाई झटकन उभी राहिली. पाठ ताठ, हात जोडलेले. "मी."

तो माणूस गोंधळला. "नाही, म्हणजे… कुत्रा. कुत्र्याचे कोण?"

"तो बी उकंडाच हाये. पण बोलावणं आलं असन तं मी हाये ना अथी. काय ते मले सांगा."

भगवानरावांनी कपाळाला हात लावला. त्या माणसाला हसू आवरेना. "बोलावणं नाही हो आजी. ऑपरेशन झालं. पोट सरळ करून शिवून टाकलं, आता पुन्हा पीळ बसणार नाही. थोडं उशिरा आला असतात तर नसतं जमलं. आजची रात्र काढू दे, मग बघू."

उकंडाबाई परत खुर्चीत बसली.

त्यानं रात्र काढली. दुसऱ्या दिवशी सुरभी पोचली तेव्हा त्यानं शेपटीची जिलबी जरा उलगडून परत वळवली. आठवड्यानं पांढरकवड्याला परत आला तो पोटावर टाके आणि गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून. नरसाळं बघून फुलसिंग म्हणाला, "याडी, याले कर्ण्यासारखं वाजवता येईन." घमेलं माळ्यावर गेलं. वाटीवाटीनं तीनदा खायला, खाऊन झाल्यावर पळापळ नाही, पाणी थोडं थोडं. उकंडाबाईनं बैलाचं माप सोडलं आणि लेकराचं माप धरलं. ते मात्र तिला कोणी शिकवलं नव्हतं.

भगवानराव एके दिवशी खरंच पोतं घेऊन आले. "घ्या तुमचं कुटार. सोडवा मले. म्हणजे कुत्रा आमचा झाला."

"आता नाही देत," ती म्हणाली. "भाव वाढला."

"बडीमाय, मग मी काय देऊ?" फोनवरून सुरभीनं विचारलं.

"तू देऊच नको. माह्या हाये तो. मी मोकळ्या हातानं घेतला, मोकळ्या हातानंच ठेवतो."

नाव परत टोकियो करता आलं असतं. सुरभी म्हणायची, आता तर तो बरा झाला. डॉक्टर शीलाही म्हणाल्या, आणि म्हणताना पुन्हा तिच्या पायांकडे बघितलं. आता सूज पोटऱ्यांपर्यंत चढली होती. पण उकंडाबाई ऐकेना. कोणी आवारात येऊन 'उकंडा' हाक मारली की दोघंही माना वर करायचे. दोघांपैकी तो लवकर उठायला लागला होता.

"तुले भेव नाही लागत का याडी?" फुलसिंगनं एकदा विचारलं. आपल्या आजीचं भांडण तिनं त्याला नंतर कधीतरी सांगितलं होतं. "एका दारात दोघं?"

"मी किती वर्सं यमाच्या नाकावर टिच्चून राह्यली. आता त्यानं एकडाव गिनती केली तं करू दे."

पुढचा उन्हाळा लागला. सगळेजण कुत्र्याचं वय मोजत होते. अकरा झाली, बारावं पुरं होईल का, झालं तर पुढं किती निघेल? उकंडाबाईचं वय कोणी मोजलं नाही. मोजायचं म्हटलं तरी कोणाला ठाऊक नव्हतं. मास्तरांनी तेव्हा अंदाजानं लिहिलेलं.

तिची ती शेवटची खेप होती, पण दुपार रोजच्यासारखीच होती. तिनं गोणपाट खांद्यावर टाकलं, चपला घातल्या आणि नाक्यावर गेली. फुलसिंगनं लादीवर दाभण ठोकून तुकडा काढला.

"याडी, थोडा लहान देऊ का? धापा टाकून राह्यली तू."

"मोठा दे. कंजूषपणा नको करू, लेकराचं पोट मोठं हाये."

त्यानं दिला, डोक्यावर ठेवायला हात लावला, वर उसाच्या रसाचा अर्धा गिलास पुढं केला. तो तिनं प्याला. वाटेत ती लिंबाखाली थांबली, रोज थांबायची तशी, फक्त जरा जास्त. बर्फाचं पाणी गालावरून गळत होतं. मग फाटक ढकलून आत आली.

सपरीत तो वाट बघत होता. भुंकला नाही. उठून उभा राहिला, आधी पुढचं अंग, मग मागचं. तिनं गोणपाट उलगडलं, बर्फ फरशीवर ठेवला, वर दुमडलेलं पोतं घातलं आणि हातानं थापून सारखं केलं.

"ये उकंड्या. बस."

तो बसला. पोट टेकवलं, हनुवटी तिच्या पावलावर ठेवली. तिनं खांबाला पाठ लावली, ओल्या पदराचं टोक त्याच्या कानांवरून फिरवलं, आणि दुसरं टोक आपल्या तोंडावर ओढून घेतलं.